हा पेनड्राइव्ह कोणाचा?

चि. सोनूस,



कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब तुझ्या ताब्यात आली, हे वाचून फार बरं वाटलं. लॅबमधल्या पेनड्राइव्हचं काय करावं, या तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. प्राचार्य म्हणतात, पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो, तेव्हा सगळे यूएसबी पोर्ट बंद करून टाक. मुलं म्हणतात, मग प्रोजेक्ट घरी न्यायचा कसा? लॅब अटेंडंट म्हणतात, इतकी वर्षं चाललंय तसंच चालू दे. आणि सबमिशनच्या आठवड्यात कोणाचा ना कोणाचा पेनड्राइव्ह कोरा निघतो आणि ते मूल रडवेलं होऊन तुझ्याच टेबलापाशी येऊन उभं राहतं.

माझं म्हणणं आधीच सांगते. थिन क्लायंटच्या लॅबमध्ये पेनड्राइव्हचा बंदोबस्त करायचा म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर प्रत्येक टप्प्यावर ठामपणे देता आलं पाहिजे: हा कोणाचा? लावला कोणी, दिसला कोणाला, त्यावर लिहिलं कोणी, काढला कोणी आणि विसरून राहिला तर सांभाळायचा कोणी. या प्रश्नाला जिथे उत्तर आहे, तिथे पोर्ट उघडे ठेवता येतात. जिथे उत्तर नाही, तिथे पोर्टात लाख ओतली तरी घोटाळे दुसऱ्या वाटेने आत येतात.

घरच्या संगणकावर हा प्रश्न उठतच नाही. पेनड्राइव्ह लावणारा, पाहणारा आणि काढणारा एकच असतो, आणि यंत्रही एकच. तुझ्या लॅबमधल्या टेबलांवरच्या खोक्यांत मात्र डिस्क नाही. तो खोका नेटवर्कवरून बूट होतो आणि फक्त पडदा, कीबोर्ड, माऊस सांभाळतो. मुलाचं लिब्रेऑफिस, त्याचा ब्राउझर, त्याचा फाइल मॅनेजर हे सगळं कपाटातल्या सर्व्हरवर चालतं. म्हणजे पेनड्राइव्ह खोचला जातो टेबलावर आणि तो उघडू पाहणारा प्रोग्राम असतो पलीकडच्या खोलीत. मधे केबल, स्विच आणि आणखी एकोणतीस जण. एका वाड्यात तीस बिऱ्हाडं असावीत आणि दिंडीदरवाजा एकच असावा, तसा हा मामला आहे. कोणाची वस्तू कोणाच्या ओसरीवर जाते, याची सोय वाड्यानेच लावायला हवी. भाडेकरूंच्या चांगुलपणावर ती सोडता येत नाही.

तुझ्याकडे जुनी एलटीएसपी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट हा प्रकल्प जिम मॅकक्विलन यांनी १९९९ मध्ये सुरू केला. त्या काळी फायली न्यायच्या त्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर, आणि क्लायंटवरची फ्लॉपी सर्व्हरला दिसावी म्हणून फ्लॉपीडी नावाचा छोटा प्रोग्राम वापरत. पेनड्राइव्ह आले तेव्हा तेवढ्याने भागेना. मग स्कॉट बॅलनीव्ह्ज यांनी एलटीएसपीएफएस लिहिलं. त्याचे दोन भाग आहेत. एक क्लायंटच्या खोक्यावर बसून राहतो आणि पेनड्राइव्ह लागला की सर्व्हरला कळवतो. दुसरा सर्व्हरवर फ्यूज या यंत्रणेच्या आधाराने चालतो आणि त्या मुलाच्या नावाच्या फोल्डरमध्ये, मीडिया या निर्देशिकेखाली, तो पेनड्राइव्ह दाखवतो. मुलाला वाटतं, पेनड्राइव्ह आपल्या संगणकाला लागला. खरं तर तो नेटवर्कवरून सर्व्हरला उसना दिलेला असतो.

या रचनेतली एक गोष्ट तू नीट समजून घे, कारण ती तुझ्या बाजूची आहे. फ्यूजने जोडलेली जागा नेमाने फक्त जोडणाऱ्या वापरकर्त्यालाच उघडते. मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय रूट वापरकर्त्यालाही आत शिरता येत नाही. रात्रीच्या बॅकअपच्या नोंदीत अशा फोल्डरपाशी ‘परवानगी नाही’ असा संदेश दिसला तर घाबरू नकोस आणि परवानगी वाढवून तो बंदही करू नकोस. मुलाची वस्तू मुलाचीच राहते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुझ्या लॅबचं खरं दुखणं. तू लिहिलंस की सगळी मुलं एकाच ‘स्टुडंट’ खात्याने लॉगिन करतात आणि पासवर्ड फळ्यावर लिहिलेला आहे. आपल्याकडच्या कितीतरी लॅबमध्ये असंच चालतं, कारण खाती काढण्याचा कंटाळा असतो. पण पेनड्राइव्ह माणसाच्या नावाने जोडला जातो आणि इथे तीस माणसांचं नाव एकच आहे. मग तिसाही जणांचे पेनड्राइव्ह एकाच नावाच्या फोल्डरखाली येऊन बसतात. पाचव्या टेबलावरच्या मुलीचे फोटो अठराव्या टेबलावरच्या मुलाला दिसतात. ‘सेमिस्टर ३’ नावाचे फोल्डर सहा पेनड्राइव्हवर असतात आणि कोणीतरी भलत्याच्याच फोल्डरमध्ये आपलं जर्नल सेव्ह करतं. तू ज्या फायली ‘कधी दिसतात, कधी गायब होतात’ म्हणतेस, त्या गायब होत नाहीत; त्या दुसऱ्याच्या पेनड्राइव्हबरोबर दुसऱ्याच्या घरी जातात.

म्हणून पहिला उपदेश हाच, आणि बाकी सगळं विसरलीस तरी हा विसरू नकोस: प्रत्येक मुलाला स्वतःचं खातं दे. कार्यालयात हजेरीपटाची फाइल असतेच. तिच्यातल्या हजेरी क्रमांकांवरून सगळी खाती एका स्क्रिप्टने एकदम काढता येतात. पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायला लाव. जुन्या वितरणांत वापरकर्ता फ्यूज नावाच्या गटात असल्याशिवाय पेनड्राइव्ह दिसत नाही; नवी खाती काढताना हा गट जोडायचा राहतो आणि मग ‘माझाच पेनड्राइव्ह लागत नाही’ अशी तक्रार येते. खाती झाली की एक चाचणी घे. शेजारशेजारच्या दोन टेबलांवर दोन मुलांना बसव, एकाला पेनड्राइव्ह लावू दे आणि दुसऱ्याला तो शोधायला सांग. दुसऱ्याला त्याचं नावही दिसता कामा नये. एकच मूल दोन टेबलांवर एकाच वेळी लॉगिन करू शकतं का, तेही पाहा. करू शकत असेल तर ते बंद कर, कारण तिथेही दोन पेनड्राइव्ह एका नावाखाली जमतात.

तुझ्या दुसऱ्या खोलीत विंडोज सर्व्हर आहे, त्यावरही तत्त्व तेच, फक्त नावं निराळी. तिथे रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीबरोबर क्लायंटची ड्राइव्ह सत्रात आणली जाते आणि ती ‘टीएसक्लायंट’ या नावाखाली दिसते. ग्रुप पॉलिसीत ती आणू देण्याची किंवा न देण्याची स्वतंत्र सोय आहे. लिनक्सवर रिमोट डेस्कटॉपसाठी एक्सआरडीपी वापरत असशील, तर मुलाच्या होम फोल्डरमध्येच ‘थिनक्लायंट ड्राइव्ह्ज’ नावाचा फोल्डर तयार होतो. ही सोय सत्रापुरती असते, हा तिचा मोठा गुण. पण ड्राइव्ह आणली म्हणजे ती सर्व्हरवरच्या प्रोग्रामांनाही वाचता येते. एखादे प्राध्यापक घरच्या लॅपटॉपवरून जोडणी करत असतील, तर सगळ्या ड्राइव्ह पाठवण्याचा पर्याय निवडू नका आणि लागेल तो एकच फोल्डर द्या, असं त्यांना नम्रपणे सांग.

आता पेनड्राइव्ह काढण्याविषयी. व्हायरसपेक्षा जास्त नुकसान इथेच होतं. लिनक्स लिहायची माहिती आधी मेमरीत ठेवतं आणि मग सवडीने खाली उतरवतं. नेहमीच्या मांडणीत ती तीस सेकंदांपर्यंत मेमरीत राहू शकते. कॉपीची पट्टी पूर्ण झाली म्हणजे फाइल पेनड्राइव्हवर पोचली, असं मूल समजतं, आणि तास संपल्याची घंटा झाली की ओढून काढतं. अर्धी फाइल उतरलेली असते किंवा फाइल उतरलेली असते पण पेनड्राइव्हवरच्या फॅट या फाइल सिस्टीमच्या तक्त्यात तिची नोंद झालेली नसते. दुसऱ्या दिवशी ‘पेनड्राइव्ह कोरा झाला’. एलटीएसपीएफएस लिहिणाऱ्यांनी हे ओळखून क्लायंटच्या बाजूला अशी योजना केली आहे की वापर थांबला की पेनड्राइव्ह थोड्याच वेळात आपोआप सुटा होतो. म्हणून मुलांना एवढंच शिकव: आधी फाइल बंद, मग फाइल मॅनेजरची खिडकी बंद, मग दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबायचं आणि ‘सुरक्षित काढा’ असेल तिथे ते दाबूनच हात लावायचा. तास संपायच्या पाच मिनिटं आधी तू स्वतः सांग, ‘सेव्ह करा आणि पेनड्राइव्ह काढा.’ घंटेच्या घाईत कोणाचाच संयम टिकत नाही. तो वेळ वेळापत्रकातच ठेवायला हवा.

कोणी सुचवेल की प्रत्येक अक्षर लगेच पेनड्राइव्हवर लिही, म्हणजे चिंता मिटली. तसा पर्याय आहे, पण फॅटवर त्यामुळे तोच तक्ता पुन्हा पुन्हा लिहिला जातो. काम रखडतं आणि स्वस्त पेनड्राइव्ह झिजतो. त्यापेक्षा फॅटसाठी ‘फ्लश’ हा मधला मार्ग बरा. त्यात माहिती मेमरीत फार वेळ रेंगाळत नाही आणि तक्त्यावर ताणही येत नाही. मूल मधेच पेनड्राइव्ह ओढतं तेव्हा सर्व्हरवर कधी कधी मेलेली जोडणी मागे राहते आणि त्या फोल्डरला हात लावला की ‘जोडणी तुटली आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो. त्यासाठी सर्व्हर रीस्टार्ट करू नकोस, बाकीच्या एकोणतीस जणांचं काम जाईल. ती एकच जोडणी सोडवण्याची आज्ञा आहे. ती अटेंडंटना कागदावर लिहून दे आणि करून दाखव.

सगळे कोरे निघालेले पेनड्राइव्ह ओढून काढलेले नसतात. बाजारात खोट्या क्षमतेचे पेनड्राइव्ह सर्रास मिळतात. वर ६४ जीबी लिहिलेलं असतं, आत त्याच्या कितीतरी कमी जागा असते, आणि ती भरली की पुढचं लिहिलेलं मागच्यावर जातं किंवा हवेत विरतं. एफ३ नावाचं मुक्त साधन पेनड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचतं आणि खरी क्षमता सांगतं. त्या चाचणीत आधीची माहिती अडचणीत येऊ शकते, म्हणून ती रिकाम्या पेनड्राइव्हवरच कर. शैक्षणिक सत्राच्या सुरुवातीला ज्यांनी नवा पेनड्राइव्ह घेतला असेल, त्यांना तो तपासून दे. गरीब घरातल्या मुलाचे पैसे आणि त्याचं वर्षाचं काम दोन्ही त्यातून वाचतं.

फाइल सिस्टीमचंही थोडं सांगते. फॅट ३२ सगळीकडे चालते, पण तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. मुलांचे व्हिडिओ प्रोजेक्ट तिथेच अडतात. मोठ्या कार्डांवर एक्सफॅट असते. लिनक्सच्या मूळ गाभ्यात तिचा आधार २०१९-२० मध्ये आला, त्यामुळे तुझे खोके ज्या प्रतिमेवरून बूट होतात, ती क्लायंटची प्रतिमा जुनी असेल तर ते कार्ड दिसणारच नाही. आधाराचं पॅकेज क्लायंटच्या प्रतिमेत बसवायचं असतं. सर्व्हरवर बसवून उपयोग नाही, कारण पेनड्राइव्ह प्रत्यक्ष वाचतो तो क्लायंट. फोनचं आणखी निराळं. आजचे अँड्रॉइड फोन पेनड्राइव्हसारखे दिसत नाहीत. ते एमटीपी या पद्धतीने फायली एक एक करून देतात, म्हणजे फोन आणि संगणक एकाच वेळी त्या साठ्यावर लिहून तो बिघडवत नाहीत. एलटीएसपीएफएसला हे समजत नाही. मुलांना सरळ सांग की फोन लॅबमध्ये फक्त चार्जिंगला लागेल, आणि शक्य झालं तर चार्जिंगसाठी वेगळा बोर्ड दे. फोन खोक्याला लावायचं निम्मं कारण तिथेच संपेल.

आता प्राचार्यांची काळजी. ती खोटी नाही. तुझ्या गावातला मुलगा सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला जातो. त्या एकाच संगणकाला दिवसभरात गावातले सगळे पेनड्राइव्ह लागलेले असतात. तिथून तो ‘शॉर्टकट व्हायरस’ घेऊन येतो: खरे फोल्डर लपवले जातात आणि त्याच नावाचे शॉर्टकट वर दिसू लागतात. तुझ्या लिनक्स सर्व्हरवर तो व्हायरस चालत नाही आणि फॅटचा ‘लपवा’ हा शिक्का लिनक्स मानत नसल्यामुळे तिथे खरे फोल्डरही दिसतात. पण एवढ्यावर निर्धास्त राहायचं नाही. मूल सगळं निवडून होम फोल्डरमध्ये टाकतं, त्यात ते शॉर्टकटही जातात, तिथून मित्राच्या पेनड्राइव्हवर आणि तिथून त्याच्या घरच्या विंडोजवर. आपला सर्व्हर आजारी पडत नसला तरी आजार पसरवू शकतो. म्हणून होम फोल्डरांवर रोज रात्री क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस चालव, आणि लॅबच्या दाराशी एक वेगळं लिनक्स यंत्र ठेव. त्याचा लॅबच्या नेटवर्कशी संबंध नको. अँटिव्हायरसच्या व्याख्या ताज्या ठेवायला इंटरनेट निराळ्या वाटेने दे. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह आधी तिथे लागेल, तपासला जाईल, शॉर्टकट काढले जातील, मग आत. मुलांना ही शिक्षा वाटू नये. त्यांचे लपलेले फोल्डर तिथेच परत मिळतात, हे त्यांना एकदा दाखव.

‘मी फक्त उघडून बघते’ म्हणणाऱ्यांनाही जप. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा आपोआप पसरणारा किडा इराणच्या नतान्झ इथल्या, इंटरनेटपासून तोडलेल्या अणुकेंद्रापर्यंत पोचला. तो पेनड्राइव्हवरून पसरत असे, आणि शॉर्टकटचं चित्र विंडोजने पडद्यावर दाखवणं एवढंच त्याला पुरत होतं. क्लिक करायचीही गरज नव्हती. लिनक्सलाही हे लागू होऊ शकतं, हे एका संशोधकाने २०११ मध्ये दाखवलं: फाइल मॅनेजर फायलींची लघुचित्रं बनवायला जातो आणि त्या प्रोग्राममधल्या चुकीचा फायदा घेता येतो. तुझ्याकडे फाइल मॅनेजर सर्व्हरवर चालतो, म्हणजे ती लघुचित्रंही सर्व्हरवरच बनतात. काढता येणाऱ्या साधनांवरची लघुचित्रं बंद कर, आपोआप उघडणं बंद कर, आणि जोडणीच्या अटींत नोएक्झेक, नोसूइड आणि नोडेव्ह हे तीन शब्द असू दे. पेनड्राइव्हवरून थेट प्रोग्राम चालवणं, उसने अधिकार मिळवणं आणि खोटी उपकरण-फाइल आणणं या तिन्ही वाटा त्यांनी बंद होतात. नोएक्झेक असूनही एखादी स्क्रिप्ट तिच्या दुभाष्या प्रोग्रामला हातात देऊन चालवता येते, म्हणून हे तीन शब्द म्हणजे संपूर्ण संरक्षण नव्हे; पण ते नसतील तर बाकीचं संरक्षण लंगडं पडतं.

पेनड्राइव्हच्या वेषात कीबोर्डही येऊ शकतो. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी ब्लॅक हॅट परिषदेत ‘बॅडयूएसबी’ दाखवलं: साधनाच्या आतला प्रोग्राम बदलला की तो संगणकाला ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगतो आणि आपणच आज्ञा टाइप करू लागतो. फायली तपासणारा अँटिव्हायरस हे पकडत नाही, कारण तपासायला फाइलच नसते. यूएसबीगार्ड नावाच्या साधनाने टेबलावरचा ठरलेला कीबोर्ड आणि माऊस मान्य करता येतात आणि नवा कीबोर्ड नाकारता येतो. इथे थिन क्लायंटचा मोठा फायदा आहे. तिसाही खोके एकाच प्रतिमेवरून बूट होतात. नियम प्रतिमेत एकदा लिहिलास की तीस टेबलांवर लागू होतो. त्याचबरोबर प्रत्येक खोक्याच्या बायोसला पासवर्ड घाल आणि बूट फक्त नेटवर्कवरूनच होऊ दे. पेनड्राइव्हवरून स्वतःचं लिनक्स बूट करणाऱ्या मुलापुढे तुझा एकही नियम उरत नाही; तो थेट तुझ्या अंतर्गत नेटवर्कवर मोकळा बसलेला असतो.

सर्व्हरच्या स्वतःच्या पोर्टांना कोणी हात लावू नये, तूही नको. तिथे लागलेली वस्तू टेबलावरच्या कोणाचीच नसते आणि काही मांडण्यांत ती भलत्याच सत्रांत उगवते. कपाटाला कुलूप असू दे. बॅकअपची डिस्क लावायची तर लॅब बंद असताना.

कोणी सांगेल, प्रत्येक पेनड्राइव्हचा अनुक्रमांक नोंदव आणि तेवढेच चालू दे. कार्यालयाच्या दहा-बारा पेनड्राइव्हसाठी हे ठीक आहे. मुलांच्या शेकडो पेनड्राइव्हना ते जमणार नाही, कारण स्वस्त साधनांवर अनुक्रमांक सारखेच असतात किंवा नसतातच, आणि फॅटची ओळख फॉरमॅट केली की बदलते. ती यादी नोंदवही म्हणून उपयोगाची. तिला कुलूप समजू नकोस.

मग सरसकट बंदी का नको? अमेरिकेच्या लष्कराचं उदाहरण प्राचार्यांना सांग. २००८ मध्ये मध्यपूर्वेतल्या एका तळावर पेनड्राइव्हमधून किडा शिरला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पेंटागॉनने पेनड्राइव्हवर बंदी घातली. फेब्रुवारी २०१० मध्ये ती काही अटींवर सैल करावी लागली. इतकी शिस्त असलेल्या संस्थेलाही माहिती इकडून तिकडे नेण्याची गरज नाहीशी करता आली नाही. तुझ्या मुलांची गरज तर त्याहून खरी आहे. ज्याच्या घरी इंटरनेट नाही, त्याला पेनड्राइव्ह हाच एक रस्ता आहे. पोर्ट बंद केलेस तर ते मूल फाइल मित्राच्या मेलवर टाकेल, सायबर कॅफेत उघडेल, तिथे लॉगआउट करायला विसरेल आणि तू त्यातलं काहीही पाहू शकणार नाहीस. बंदीचा भार नेहमी त्याच मुलावर पडतो ज्याच्याकडे दुसरी सोय नाही.

म्हणून पेनड्राइव्हची गरज कमी कर, त्याची वाट बंद करू नकोस. पेनड्राइव्ह फाइल नेण्या-आणण्यासाठी, ठेवण्यासाठी नव्हे, हे मुलांच्या मनावर ठसव. प्रत्येकाला सर्व्हरवर होम फोल्डर दे, त्याला कोटा लाव, त्याचा रोज बॅकअप घे. सबमिशनसाठी असा फोल्डर कर की मुलाला फाइल टाकता येईल, पण दुसऱ्याची पाहता येणार नाही. कार्यालयाशी बोलून कॅम्पसच्या वायफायवरून होम फोल्डर उघडण्याची सोय कर. काम पेनड्राइव्हवरून थेट उघडून करू नका, आधी होममध्ये कॉपी करा, काम करा, शेवटी परत कॉपी करा, हा नेम लाव. याला हिशेबही आहे. सर्व्हरची एक गिगाबिटची केबल सेकंदाला साधारण १२५ एमबी वाहते. तीस जणांनी एकदम कॉपी केली तर वाट्याला चारेक एमबी. ७०० एमबीचा व्हिडिओ तीन मिनिटं घेईल, आणि त्याच केबलवरून सगळ्यांचे पडदेही येत असल्यामुळे माऊस अडखळू लागेल. सबमिशनच्या शेवटच्या दिवशी रांगेने, दहा-दहाच्या गटाने कॉपी करायला लावलीस तर हे टळतं.

पुढे पैसे मंजूर झाले आणि खोके बदलायची वेळ आली, तर थोडी जास्त मेमरी असलेले घे. एलटीएसपी २०१९ मध्ये नव्याने लिहिली गेली आणि आता तिचा भर फॅट क्लायंटवर आहे: बूट नेटवर्कवरूनच, पण सत्र टेबलावरच्या यंत्रावर. पेनड्राइव्ह तिथल्या तिथे जोडला जातो आणि ‘कोणाचा’ हा प्रश्न अर्ध्याहून अधिक आपोआप सुटतो.

राहिलेला प्रश्न यंत्राचा नाही. टेबलावर विसरलेला पेनड्राइव्ह सापडतो, तेव्हा सगळे चांगल्या मनाने तो लावून बघतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. २०१६ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: जवळजवळ सगळे उचलले गेले, निदान ४५ टक्के पेनड्राइव्हवरच्या फायली उघडल्या गेल्या, आणि विचारलं तेव्हा बहुतेकांनी सांगितलं की मालक शोधायचा होता. हा चांगुलपणाच धोक्याचा ठरतो, आणि त्यात मालकाचा खाजगीपणाही जातो. आतली छायाचित्रं, आधार कार्डाची प्रत, आजारपणाचे कागद हे पाहण्याचा अधिकार कोणालाच नाही, तुलाही नाही. तू असा नियम कर: सापडलेला पेनड्राइव्ह कोणीही लावायचा नाही. तो पाकिटात, वर टेबलाचा क्रमांक, तारीख आणि वेळ. त्या वेळी त्या टेबलावर कोण लॉगिन होतं, हे सर्व्हरच्या नोंदीत आहे. प्रत्येकाला स्वतःचं खातं दिल्याचा हा आणखी एक लाभ. त्या मुलाला बोलाव, खूण विचार आणि दे. शैक्षणिक सत्र संपेपर्यंत कोणी आलं नाही, तर न उघडता दोन साक्षीदारांसमोर नष्ट कर आणि वहीत नोंद घे. प्रत्येक मुलाला पेनड्राइव्हला एक चिठ्ठी चिकटवायला लाव, तिच्यावर फक्त हजेरी क्रमांक. नाव आणि फोन नंबर नको.

या सगळ्याची सुरुवात एकदम करू नकोस. या आठवड्यात स्वतंत्र खाती काढ आणि फळ्यावरचा पासवर्ड पूस. पुढच्या आठवड्यात बायोस आणि बूटचा क्रम. मग जोडणीच्या अटी आणि लघुचित्रं, मग दाराजवळचं तपासणीचं यंत्र, शेवटी यूएसबीगार्ड, तेही आधी दोन टेबलांवर करून बघ. प्राचार्यांना प्रत्येक टप्प्याचं अर्ध्या पानाचं टिपण दे. तू बंदीला नाही म्हणत नुसती बसली नाहीस, त्यांची काळजी तू अंगावर घेतली आहेस, हे त्यांना कागदावर दिसू दे. अटेंडंटना प्रत्येक गोष्टीत सोबत घे. लॅब दिवसभर त्यांच्याच नजरेखाली असते, आणि त्यांना कारण कळलं की नियम तू गैरहजर असतानाही पाळला जाईल.

मुलांशी मात्र कधी संशयाने बोलू नकोस. पेनड्राइव्ह घेऊन येणारं मूल व्हायरस घेऊन येत नसतं. ते आपलं काम घेऊन येत असतं, ते सांभाळून परत द्यायची जबाबदारी आपली. या नजरेने पाहिलंस तर कुठला नियम ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे तुला कोणाला विचारावं लागणार नाही.

खाती काढताना अडलं तर स्क्रिप्ट मला पाठव, मी बघून देईन. पहिल्या सबमिशनचा आठवडा कसा गेला, ते जरूर कळव. घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी